छंद आणि महत्त्वाकांक्षा : मुलाला कोणता प्रश्न विचारावा ?

दहावी-बारावीच्या वर्गाचा निरोपसमारंभ जवळ आला म्हणजे आपल्या खेड्यांतील हायस्कुलांतून मुलांना दोन प्रश्न हटकून विचारले जातात. तुझा छंद कोणता, हा पहिला. आणि पुढें तूं कोण होणार, हा दुसरा. पहिल्याला उत्तर येतें, वाचन, क्रिकेट, गाणीं ऐकणें. दुसऱ्याला उत्तर येतें, डॉक्टर, इंजिनियर, फौजदार. टाळ्या होतात, पेढे वांटले जातात, आणि ज्यानें विचारलें व ज्याला विचारलें त्या दोघांनाही ठाऊक असतें कीं, या उत्तरांत त्या मुलाचें स्वतःचें असें फारच थोडें आहे. हा प्रकार निरुपद्रवी दिसतो खरा. परंतु त्याच्या पोटांत नीतीचा एक अवघड प्रश्न आहे, आणि त्याचा विचार शिरूर व दौंड या दोन तालुक्यांकडे पाहून करावा असें योजिलें आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला 'तूं कोण होणार' असें विचारण्याचा अधिकार वडील मंडळींना कशानें प्राप्त होतो ? विचारणाऱ्याच्या माथीं आधीं कांहीं देणें आहे कीं नाहीं ?

प्रथम छंदाचें पाहूं. छंद म्हणजे फुरसतीचा उद्योग, ही समजूत आपण शहरी घरांवरून घेतली आहे. ज्या घरीं शाळा सुटल्यावर गोठा, सरपण आणि धाकटीं भावंडें वाट पाहात असतात, तेथें फुरसत कोठून आणावी ? म्हणून घोड नदीच्या कांठचा एखादा मुलगा विहिरीवरील विजेची मोटार बंद पडली कीं स्टार्टर उघडून दोष शोधून काढतो, आणि शाळेच्या कागदावर मात्र 'छंद : क्रिकेट' असें लिहितो. विहिरीवर आपण जें करीत होतों त्यालाही छंद म्हणतां येईल, हें त्याला कोणीं सांगितलेलें नसतें. त्याच्या लेखीं तें घरचें काम.

तर मग घरकाम कोठें संपतें आणि आवड कोठें लागते, हें कसें ओळखावें ? माझ्या मतें खूण एकच आहे. सांगितल्यापेक्षां मूल जास्त काय करतें तें पाहावें. बापानें उसाला पाणी द्यावयास धाडलें. विजेची पाळी रात्रीची. उसांत बिबट्याचें भय. अशा वेळीं पाणी देऊन घरीं आला म्हणजे मुलाचें कर्तव्य संपलें. परंतु कोणती सरी किती वेळांत भरते हें कोणी न सांगतां जो वहींत टिपून ठेवतो, त्याची ती वही त्याची स्वतःची आहे. शेळीचें दूध काढ, हें आईनें सांगितलेलें. आजारी करडाला कोणता पाला मानवतो हें शेजारच्या म्हातारीला विचारून ध्यानांत ठेवणें, हें त्या मुलीचें. या जास्तीच्या भागाला मोल मिळत नाहीं, शाबासकी मिळत नाहीं, कधीं कधीं उशीर झाला म्हणून बोलणीं खावीं लागतात. तरीही मूल तें करतें. त्याचा जीव कोठें आहे याची याहून खरी साक्ष दुसरी नाहीं.

सरकारनें छंदांस उत्तेजन देण्याचा एक मार्ग काढला आहे. चित्रकलेच्या सरकारी परीक्षेंत श्रेणी मिळविणाऱ्यास, तसेंच खेळांत किंवा लोककलेंत ठरीव दर्जा गांठणाऱ्यास दहावीच्या परीक्षेंत वाढीव गुण मिळतात. हेतु चांगला आहे, आणि ज्या गरीब मुलाला या गुणांनीं पुढची पायरी सांपडली त्याच्यासाठीं आनंदच मानावा. परंतु पुष्कळ घरीं परीक्षा झाल्याबरोबर रंगाची पेटी कपाटावर जाते, ती पुन्हा खालीं येत नाहीं. गुणांसाठीं काढलेलें चित्र वाईट असतें असें नव्हे. मात्र ज्या साक्षीदाराला पैसे पोंचले आहेत त्याच्या साक्षीवर न्यायाधीश विसंबत नाहीं, तीच गोष्ट येथेंही आहे.

आतां महत्त्वाकांक्षेकडे वळूं. दौंड हें रेल्वेचें मोठें जंक्शन. राज्य राखीव पोलीस दलाचे 5 व 7 या क्रमांकांचे गट तेथेंच आहेत. गणवेश डोळ्यांसमोर वागत असल्यामुळें त्या बाजूच्या मुलांच्या मनांत भरतीचा विचार लवकर शिरतो. पहांटे अंधार असतांच सडकेवर मुलें धांवतांना दिसतात, आतां मुलीही दिसतात. शिपाई होण्यास बारावी उत्तीर्ण असावें लागतें. मैदानांत मुलांना 1600 मीटर व मुलींना 800 मीटर धांवावें लागतें, गोळा फेकावा लागतो, आणि मग लेखी परीक्षा. शिरूरकडे रांजणगांवची औद्योगिक वसाहत, दौंडाकडे कुरकुंभची. ज्यांना भरती साधत नाहीं त्यांची दृष्टि तिकडे लागते.

या धांवणाऱ्या मुलांना हंसणारे शहाणे लोक पुष्कळ आहेत. 'सगळ्यांना सरकारी नोकरीच पाहिजे' असें म्हणावयास त्यांचें काय जातें ? ठरलेल्या तारखेस येणारा पगार म्हणजे काय, हें पावसावर जगणाऱ्या घराला विचारावें. पहांटे चार वाजतां उठून अंग मोडणारा मुलगा आळशी नाहीं. परंतु एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. बापाचें कर्ज, बहिणीचें लग्न, भाऊबंदांत मान, या कारणांनीं जी महत्त्वाकांक्षा उत्पन्न होते ती खोटी नसते. ती घराची असते, मुलाची नसते, इतकेंच. घराची महत्त्वाकांक्षा मुलानें आनंदानें खांद्यावर घेतली तर तो त्याचा मोठेपणा. आपण मात्र ती त्याच्या खांद्यावर ठेवतों, आणि वर त्याच्याच तोंडून वदवून घेतों कीं हें माझें स्वप्न आहे. येथें अन्याय होतो. कारण जागा थोड्या आणि धांवणारे फार. भरतीची वयोमर्यादा उलटून गेली कीं तो तरुण घरीं बसतो, आणि आपण एका परीक्षेंत मागें पडलों असें न म्हणतां आपण माणूस म्हणूनच फसलों असें समजूं लागतो. त्याच्यांत दुसरें काय होतें याची नोंद कोणीं ठेवलेलीच नसते. मोटारीचा दोष शोधणारा तो मुलगा त्याला स्वतःलाही आठवत नाहीं.

नोंद ठेवणारा कोणी भेटला तर काय होतें, याचें एक उदाहरण मुंबईचें आहे, परंतु तें आपल्या घरोघर ठाऊक असावें. शाळा सुटल्यावर बागेंत बसून एक मुलगा पुस्तक वाचीत असे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर नांवाचे एक शिक्षक व ग्रंथकार त्याच बागेंत येत. त्यांच्या हें नजरेस आलें. त्यांनीं त्याची चौकशी केली, त्याला पुस्तकें दिलीं. 1907 सालीं तो मॅट्रिक झाला तेव्हां सत्काराच्या सभेंत केळुसकरांनीं स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्याला भेट दिलें, आणि पुढें पैशावांचून कॉलेज अडलें तेव्हां बडोद्याचे महाराज सयाजीराव यांच्यापाशीं त्याच्यासाठीं शब्द टाकला. महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ति मिळाली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. केळुसकरांनीं त्याला 'तूं कोण होणार' हा प्रश्न विचारला असेल वा नसेल. आधीं त्यांनीं पाहिलें, आणि पाहिल्यावर पदरचे श्रम खर्च केले. प्रश्न विचारण्याचा अधिकार असा कमवावा लागतो.

येथें आपल्या मंडळींतील एखादा वडील मनुष्य हरकत घेईल, आणि ती हरकत जड आहे. तो म्हणेल : "मोटार दुरुस्त करणें, करडें सांभाळणें, यांची थोरवी तुम्ही सांगतां. आमच्या बापजाद्यांनीं गांवाचीं कामें पिढ्यान्‌पिढ्या केलीं. तीं त्यांनीं आवडीनें घेतलीं नव्हतीं, जन्मानें गळ्यांत पडलीं होतीं. त्यांतून अक्षर शिकून आम्ही बाहेर निघालों. आतां आमच्या नातवाच्या हातीं पुन्हा हत्यार देण्यासाठीं आवड हा गोड शब्द काढला काय ?" एकोणिसाव्या शतकांत शिरूरच्या मिशन ठाण्यांत रेव्हरंड विन्सर यांनीं मुलांना हातचे उद्योग शिकविणारी शाळा चालविली होती. अशा शाळेंत मुलाला घालतांना आईबापांच्या मनांत हीच शंका येणें स्वाभाविक होतें. ज्यांचे पूर्वज हातांनीं राबण्यासाठींच जन्मले असें गांवानें ठरविलें होतें, त्यांना लेखणीचें मोल अधिक वाटावें यांत नवल नाहीं.

या हरकतीला श्रमाच्या थोरवीवर व्याख्यान हें उत्तर नव्हे. तें व्याख्यान देणाऱ्याचा स्वतःचा मुलगा पुण्याच्या कॉलेजांत असतो, हें ऐकणाऱ्याला दिसत असतें. उत्तर एकच संभवतें : जें दुसऱ्याच्या लेकराला चांगलें म्हणून सांगावयाचें तें स्वतःच्या लेकराला लागू असलें पाहिजे, आणि हातांचें काम विद्येला पर्याय म्हणून पुढें करतां कामा नये. या दोन्ही अटी पाळणें शक्य आहे काय ? याच दोन तालुक्यांत तशा गोष्टी घडल्या आहेत.

एक दौंड तालुक्यांतील केडगांवची. 1896-97 च्या दुष्काळांतून पंडिता रमाबाईंनीं सोडवून आणलेल्या मुली तेथें मुक्तिसदनांत वाढल्या. त्या विणकाम शिकल्या, शेती व दूधदुभतें शिकल्या, आणि छापखान्यांत खिळे जुळवावयासही शिकल्या. बायकांनीं खिळे जुळवावे असें कोणत्या जातीनें ठरवून दिलें होतें ? रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेलें बायबलचें मराठी भाषांतर याच छापखान्यांत या हातांनीं छापलें. रमाबाई 1922 सालीं वारल्या. ग्रंथ 1924 सालीं पुरा बाहेर पडला. एकाच छपराखालीं हिब्रू होती आणि शाईनें काळे झालेले हात होते. आणि रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमाबाई पदवीधर होऊनही आईच्याच संस्थेंत राबत राहिली. पहिली अट तेथें पाळली गेली होती.

दुसरी गोष्ट शिरूर तालुक्यांतील पाबळची. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेंत अन्नतंत्राची डॉक्टर पदवी घेऊन आलेले, हिंदुस्थान लिव्हर कंपनीच्या संशोधनशाळेंत मोठ्या हुद्द्यावर होते. ती नोकरी मुदतीआधीं सोडून ते 1983 सालीं पाबळच्या माळावर आले आणि त्यांनीं विज्ञान आश्रम स्थापिला. पाबळ पर्जन्यछायेंतील गांव; पाण्याची ओढ पूर्वापार. त्यांचा आग्रह असा कीं, हातानें काम करतांना बुद्धि जी शिकते ती पुस्तकाहून कमी प्रतीची नाहीं. हायस्कुलांतील आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यांतून एक दिवस यंत्रकाम, ऊर्जा, घर व आरोग्य, शेती व पशुपालन या चार बाजूंचें प्रत्यक्ष काम द्यावयाचें, अशी योजना त्यांनीं बसविली. मुलें लोखंड जोडूं लागलीं, मातीची परीक्षा करूं लागलीं, गांवकऱ्यांचे रक्तगट तपासूं लागलीं. आणि गांवाचें खरेंखुरें काम करून त्याचा मोबदला घेऊं लागलीं.

यांत ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, हे धडे मठ्ठ मुलांसाठीं वेगळे काढलेले नव्हते. पाटलाचा मुलगा आणि मजुराचा मुलगा एकाच वर्गांत. मुलगी आणि मुलगा दोघांच्याही हातीं वेल्डिंगचा चिमटा. जें काम सर्वांनीं करावयाचें तें कोणाच्याही जन्माची खूण ठरत नाहीं. ज्यांची शाळा सुटली अशा तरुणांसाठीं आश्रमाचा एक वर्षाचा अभ्यासक्रमही आहे. डॉ. कलबाग 2003 सालीं निवर्तले. आश्रम चालू आहे. 2020 सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें सहावीपासून मुलांना व्यवसायांची ओळख करून द्यावी, दहा दिवस दप्तराविना शाळा भरवावी, असें म्हटलें आहे. पाबळच्या मानानें दहा दिवस म्हणजे फारच थोडे. तरीही ते दहा दिवस शाळेंत खरोखर पाळले जातात कीं नुसते कागदावर भरले जातात, हें गांवांतील शिक्षितांनीं जाऊन पाहण्यासारखें आहे.

मुलींविषयीं वेगळें लिहिणें भाग आहे, कारण त्यांना दुसरा प्रश्न विचारला जातो खरा, पण उत्तर ऐकून घेण्यास कोणी थांबत नाहीं. अहिल्याबाई होळकर योजनेखालीं मुलींना बारावीपर्यंत एस. टी.चा पास फुकट मिळतो. म्हणून वाड्या-वस्त्यांवरील कितीतरी मुली तालुक्याच्या गांवीं शिकावयास जातात. बारावी झाली, पास संपला, कीं घरांत हिशेब सुरू होतो. त्यानंतर त्या मुलीला 'छंद कोणता' हें पुन्हा एकदांच विचारलें जातें, तें स्थळांसाठीं परिचयपत्र लिहितांना. आणि तेथें 'स्वयंपाक व रांगोळी' हें उत्तर तिच्या वतीनें दुसरेच कोणी लिहून टाकतात. करडांच्या औषधाची तिला माहिती आहे, पशुवैद्यकाच्या पदविकेचा विचार करतां आला असता, हें त्या कागदांत बसत नाहीं.

परीक्षा फेब्रुवारी-मार्चांत होतात, निकाल उन्हाळ्यांत लागतो, आणि प्रवेशाच्या थोड्या दिवसांत मुलाच्या आयुष्याचा निर्णय घाईघाईनें केला जातो. त्या दिवसांत उपदेशक, शिक्षक किंवा मंडळींतील वडील यांच्याकडे आईबाप सल्ला विचारावयास येतात. तेव्हां सांगण्यासारखें आपल्यापाशीं कांहीं असावयाचें तर त्याची सुरुवात दोन-तीन वर्षें आधीं झाली पाहिजे. आपल्या वस्तींत आठवी-नववींत किती मुलें आहेत, त्यांचीं नांवें पुष्कळांना पाठ असतील. त्या प्रत्येक नांवापुढें, न सांगतां तें काय करतें, हें लिहावयास एक रिकामी ओळ ठेवावी. कांहीं ओळी बरेच दिवस रिकाम्या राहतील.