बटाटे सोलायला ये

तेरावा उरकतो, पाहुणे आपापल्या गावी जातात आणि घर एकदम मोठं वाटायला लागतं. मग आपण भेटायला जातो. "चहा नको, तुम्ही उठू नका," असं मायेनं म्हणतो. त्या घरातलं माणूस बसून राहतं. पण खरं तर नुसतं बसणंच त्याला जड जात असतं.

अशा वेळी मला टॅबी आठवते. इंग्लंडातल्या हॉवर्थ गावी ब्राँटी नावाच्या पाद्र्याच्या घरी ती कामाला होती. त्या घरातली आई 1821 मध्ये गेली. 1825 च्या मे-जूनमध्ये थोरल्या दोन मुलीही गेल्या. उरली चार लेकरं, धाकटी पाच वर्षांची. त्याच सुमारास टॅबी आली. पन्नाशी ओलांडलेली, फटकळ तोंडाची, गावरान बोलणारी. ती माळावरच्या पऱ्यांच्या गोष्टी सांगायची आणि मुलांना कामालाही लावायची. 1834 च्या नोव्हेंबरात त्यांतल्या सोळा वर्षांच्या एमिलीनं एका साध्या दिवसाचं टिपण लिहून ठेवलं. त्यात टॅबी धाकट्या अ‍ॅनला बटाटे सोलायला बोलावते आहे, तेही तिच्या गावठी उच्चारासकट. एवढीशी हाक त्या मुलीला लिहून ठेवावीशी वाटली!

दोन वर्षांनी टॅबी बर्फावरून घसरली, पाय मोडला. तिला तिच्या बहिणीकडे पाठवावं, असं घरातल्या मावशीला वाटलं. मुलींनी जेवणच सोडलं. शेवटी टॅबी तिथंच राहिली आणि तिची शुश्रूषा मुलींनी केली.

आज कुणाच्या दुःखाच्या घरी जाणार असाल, तर चहा मागून घ्या. ओट्यावर गवार पडली असेल, तर दोघं मिळून मोडायला बसा. बोलणं निघेल. नाही निघालं तरी गवार मोडून होईल, आणि संध्याकाळी त्या घरात भाजी शिजेल.

पुढे ब्राँटींच्या घरी एमिलीची थोरली बहीण शार्लट 'जेन एअर' ही कादंबरी लिहीत होती, तोवर टॅबीची नजर अधू झाली होती. तिनं सोललेल्या बटाट्यांत काळे डोळे राहून जायचे. ते दुसऱ्या मोलकरणीकडून पुन्हा साफ करून घ्यायला शार्लटचं मन होईना. हातातलं लिखाण ठेवून ती हळूच स्वयंपाकघरात जायची, टॅबीच्या नकळत भांडं उचलायची, राहिलेले डोळे काढायची आणि भांडं होतं तिथं परत ठेवायची.