दोष कुणाचा? (गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६)

आजचे श्लोक अठराव्या अध्यायातले. साध्या शब्दांत अर्थ असा. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान म्हणजे हे शरीर, कर्ता, करणं म्हणजे साधनं आणि इंद्रियं, त्यांच्या निरनिराळ्या हालचाली, आणि पाचवं दैव. माणूस शरीरानं, वाणीनं, मनानं बरंवाईट जे काही करतो, त्यामागे ही पाचही असतात. असं असूनही जो एकट्या स्वतःलाच कर्ता मानतो, त्याला नीट दिसत नाही, असं भगवंत सांगतात.

एरवी आपण हे श्लोक यशाच्या बाजूनं वाचतो. चांगलं झालं की "मी केलं" म्हणू नये, एवढा बोध घेतो आणि पुढे जातो. या महिन्यात मात्र ते मी दुसऱ्या बाजूनं वाचतेय. वाईट झालं की "माझ्यामुळेच झालं" असं म्हणणं, हासुद्धा कर्तेपणाचा अहंकारच आहे का?

कारण सांगते. मला ३६वा आठवडा सुरू आहे आणि गरोदरपणातली साखर आहे. आपल्याकडे यासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. १४० किंवा त्याच्या वर आकडा आला की निदान होतं. उपाशीपोटी यायची गरज नसते, म्हणून खेड्यातून एसटीनं आलेल्या बाईलाही ही तपासणी जमते. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी या कामाला आयुष्य दिलं. त्यांचा वाढदिवस, १० मार्च, आपल्या देशात या आजाराच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळतात.

माझा आकडा २६व्या आठवड्यात वर आला. दोन आठवडे नुसता आहार आणि चालणं करून पाहिलं, मग इन्शुलिन सुरू झालं. आता उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवल्यावर दोन तासांनी १२० च्या आत राहायचं. दिवसातून चार वेळा बोटाला सुई. गंमत म्हणजे तीच ज्वारीची भाकर, तीच अंबाडीची भाजी, तेवढंच वरण, तेवढंच चालणं. एक दिवस ११२, दुसऱ्या दिवशी १३८. मी सॉफ्टवेअरवाली. सारखं इनपुट दिलं तर सारखं आउटपुट आलं पाहिजे, ही माझी जुनी श्रद्धा. ते आलं नाही की मन लगेच शोधायला लागतं, चुकलं कुणाचं?

आणि उत्तर द्यायला लोक तयारच असतात. "दिवसभर कंप्युटरपुढं बसून राह्यते नं वं तू, म्हनून झालं." "आमच्या वेळी कुठं होतं हे असं?" लगेच दुसरी म्हणते, "एका पेढ्यानं काय होते, खाय नं!" सगळ्या प्रेमानंच बोलतात, हे मला कळतं. पण रात्री दोन वाजता कूस बदलताना त्यातलं प्रेम विरून जातं आणि आरोप तेवढा उरतो. माझ्या बाळाला मीच त्रास देतेय का?

आता ते पाच समोर ठेवून पाहू.

पहिलं, शरीर. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साधारण ३.५ किलोची. आपली बाळं अशी बारीक, पण अंगावरची चरबी त्या मानानं फारशी कमी नाही. साखरेकडचा आपला ओढा असा जन्माच्या आधीपासूनच शरीरात ठेवलेला असतो. म्हणजे हे अधिष्ठान मी निवडलेलं नाही. माझ्या आजीच्या पोटात माझी आई होती, तेव्हापासून ते घडत आलंय.

तिसरं, करण. इथे मुख्य साधन म्हणजे वार. वारेतून निघणारी संप्रेरकं आईच्या शरीरात इन्शुलिनचं काम अडवतात, म्हणजे आईच्या रक्तात साखर जास्त वेळ राहावी आणि बाळाला पुरावी. हे प्रत्येक गरोदर बाईत होतं. बहुतेकींचं स्वादुपिंड जास्त इन्शुलिन करून भरपाई करतं, काहींचं कमी पडतं. वारेचा मोठा भाग तर बाळाच्याच बाजूनं तयार होतो. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प होते. ज्याला मी माझा दोष समजायचं, ते बाळाचं जेवण मागणं होतं.

दैव म्हणजे ज्याचा हिशेब माझ्या वहीत मांडता येत नाही ते. ११२ आणि १३८ मधल्या फरकाचा काही भाग तिथेच आहे.

उरले कर्ता आणि चेष्टा. इथे कुणी विचारेल, पाचातली तीन आपल्या हातात नाहीत, तर रोज सुई कशाला टोचायची? होईल ते होईल. मला वाटतं, हे श्लोक असं म्हणूच देत नाहीत. दैव पाचातलं एक आहे, पाचही नाही. कर्त्याला यादीतून कुणी काढलेलं नाही. जेवणाची वेळ, भाताचा वाटा, जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं, इन्शुलिनचे युनिट, हे सगळं माझं. साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्शुलिन जवळजवळ जात नाही; म्हणून सुई मला टोचली तरी रक्षण बाळाचं होतं. ही जबाबदारी आहे आणि ती मी पूर्ण घेते. जबाबदारी विचारते, "आता काय करायचं?" अपराधीपणा विचारतो, "मी कशी आहे?" पहिल्या प्रश्नाला रोज उत्तर मिळतं. दुसऱ्याला कधीच मिळत नाही.

आमच्या कामात सर्व्हर बंद पडला की चांगल्या टीममध्ये "कुणी केलं" असं विचारत नाहीत, "कसं झालं" असं विचारतात. कारण सोपं आहे. जिथे बोल लागतो तिथे माणसं माहिती लपवतात. वहीत १३८ लिहिला की बोलणी बसणार असतील, तर बाई हळूच ११८ लिहील आणि डॉक्टर चुकीचा डोस देतील. दोष देणं नुसतं कठोर नाही, ते बाळासाठी धोक्याचं आहे.

यात आणखी एक गोष्ट आहे. आपल्या जिल्ह्यात कापसाच्या वेचणीच्या दिवसांत पोटुशी बाई किलोच्या हिशेबानं मजुरी करते. तिला दोन तासांनी तपासा, थोडंथोडं पाच वेळा खा, असं सांगायचं कसं? तिची साखर आणि माझी साखर एकच असेल, पण तिची साधनं वेगळी. तिचा आकडा वर गेला म्हणून "ऐकतच नाही" म्हणणारा एकट्या कर्त्याकडे बोट दाखवतो आणि बाकीचे चार झाकून टाकतो. पाच कारणं ओळखणं ही दुसऱ्याला दिलेली माफी नव्हे, तो न्याय आहे. तिच्या दाराशी जाणारी आशाताई, उपकेंद्रातलं ग्लुकोज, घरातून मिळालेली एक तासाची सुटी, हेही साधनांतच येतं. तिथे मात्र आपण काही करू शकतो.

चिंता पूर्ण गेली, असं म्हणणार नाही. बाळाची हालचाल मंदावली असं वाटलं की काळजात चर्र होतं. तेव्हा डाव्या कुशीवर झोपून हालचाली मोजायच्या, कमी वाटल्या तर रात्र आहे, लोक काय म्हणतील, असं न बघता दवाखान्यात जायचं, हे घरी ठरलंय. जन्मल्यावर पहिल्या तासात अंगावर पाजायचं, बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन त्याची साखर पाहायची आणि सहा आठवड्यांनी माझीही पुन्हा तपासायची, हेही लिहून ठेवलंय. एवढं माझ्या वाट्याचं.

बाकीचं कळंबच्या चिंतामणीकडे. तिथे देवाला भेटायला पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. या पोटानं सध्या ते जमत नाही, म्हणून घरूनच हात जोडते. देवा, माझ्या वाट्याचं काम माझ्याकडून नीट करून घे, आणि जे माझं नाही त्याचं ओझं उचलायची हौस माझ्यातून काढून घे.

तुमच्या घरात, शेजारात अशी कुणी असेल तर आज तिला आकडा विचारण्याआधी "जेवलीस का?" एवढं विचारा. तिच्यासोबत पंधरा मिनिटं चाला.

उद्या श्लोक १७. राम कृष्ण हरी.