मध्येच आलेलं मूल

भुसावळकडून आलेली गाडी सुरतेच्या उधना स्टेशनात थांबते, तेव्हा उतरणाऱ्यांच्या हातांकडे बघावं. ज्वारीच्या पिठाचं गाठोडं, भरताची वांगी, वर्षभराचा मसाला. एखाद्या आईच्या पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये जपून घडी घातलेला मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला. पुष्कळदा तो नसतोच. सुट्टी होती, गुरुजी भेटले नाहीत, घाईत निघावं लागलं. शहाद्याहून, अमळनेरहून, दोंडाईच्याहून माणसं अशीच घाईत निघतात. पोटाला महिना-मिती कळत नाही.

सरकारी शाळा बळकट करायची म्हणजे काय करायचं, यावर बोलताना आपण इमारती, संगणक, स्मार्ट फळे मोजतो. ते सगळं हवंच. पण सुरतेतली लिंबायत, डिंडोली, पांडेसरा ही खानदेशी वस्ती पाहिल्यापासून माझी कसोटी वेगळी झाली आहे. वर्षाच्या मध्येच दारात उभ्या राहिलेल्या मुलाला शाळा कुठे बसवते, हे मी आधी बघतो.

कायदा या मुलाच्या बाजूने आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा सांगतो की दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी शाळेने प्रवेश अडवू नये, जन्माचा पुरावा नाही म्हणून मुलाला परत पाठवू नये. शाळा सुटलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यावं आणि मागे पडलेलं भरून काढायला खास शिकवणी द्यावी. या शेवटच्या वाक्यावर सगळं अडतं. नाव पटावर चढवायला दहा मिनिटं लागतात. पण भागाकार न आलेल्या मुलाला सहावीत बसवलं, तर त्याच्याजवळ रोज तासभर बसणारं माणूस लागतं. ते माणूस आधीच चाळीस मुलांचा वर्ग सांभाळत असेल, तर कायद्यातली खास शिकवणी कागदावरच राहते. म्हणून पैसे खर्चायचे तर आधी या माणसावर खर्चावेत, असं माझं ठाम मत आहे.

सुरतेला शिक्षणाच्या बाबतीत जुना वारसा आहे. दुर्गाराम मेहताजी इथल्या सरकारी गुजराती शाळेचे शिक्षक. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर इथल्याच इंग्रजी शाळेत नोकरीला होते. या दोघांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी 1844 मध्ये मानवधर्म सभा काढली. जातिभेद आणि अंधश्रद्धा यांवर या शहरात उघड चर्चा सुरू झाली, ती एका गुजराती आणि एका मराठी मास्तरांच्या मैत्रीतून. पुढे 1906 मध्ये सयाजीरावांनी बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. सुरतेच्या शेजारचं नवसारी संस्थानात होतं, सुरत इंग्रजांकडे; म्हणून ही सक्ती सुरतेच्या वेशीवरच थांबली. बडोद्याचा दाखला देत गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये कायदेमंडळात शिक्षणाचं विधेयक आणलं. इतका पैसा आणायचा कुठून, हा आक्षेप तेव्हाही पुढे आला आणि पुढच्या वर्षी विधेयक पडलं. शंभर वर्षांत आक्षेप तोच राहिला आहे.

आज सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी असं सांगणारं 350-क हे कलम 1956 मध्ये घटनेत आलं. ते इतक्या मनापासून पाळणारी शहरं थोडी. याचं मला फार कौतुक आहे.

मात्र आठवीनंतर जिना अरुंद होत जातो. पालिकेच्या सुमन हायस्कुलांनी पुढच्या पायऱ्या बांधल्या, तरी दहावीनंतर विज्ञान किंवा कॉमर्स मराठीतून शिकायचं म्हटलं की वाट चिंचोळी होते. मूल घरी अहिराणी बोलतं, पुस्तक मराठीत वाचतं, गल्लीत हिंदी-गुजराती ऐकतं, आणि सोळाव्या वर्षी एकदम इंग्रजी किंवा गुजराती वर्गात जाऊन पडतं. काहीजण म्हणतात, मग मराठी शाळा बंदच करा. आपल्यातले काहीजण म्हणतात, गुजराती कशाला, आपली ओळख जाईल. मला दोन्ही पटत नाही. पहिली अक्षरं आईच्या भाषेजवळची हवीत, आणि गुजराती पहिल्यापासून इतकी नीट शिकवावी की मूल अकरावीच्या वर्गात हात वर करू शकेल. 2023 च्या कायद्याने गुजरातेत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची झाली आहे. ती परीक्षेपुरती राहू नये. अर्ज तिच्यात लिहायचे आहेत, नोकरी तिच्यात मागायची आहे.

लिंबायतच्या एका खोलीत मी सातवीतली एक मुलगी पाहिली. बाप लूम्सच्या खात्यात रातपाळी करून भिंतीकडे तोंड करून झोपलेला. आई आणि ही पोर साड्यांवर खडे चिकटवत होत्या. साडीच्या घड्या गुडघ्यावर, बाजूला विज्ञानाचं पुस्तक उघडं, पान उडू नये म्हणून त्यावर गोंदाची बाटली. मुलगी चार खडे लावायची, एक ओळ वाचायची. धाकट्या भावाला घरच्यांनी जवळच्या दोन गाळ्यांतल्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. त्याची फी या खड्यांतून निघत होती. ‘‘तिची शाळा फुकट आहे ना,’’ आई म्हणाली. त्या बाईला मी दोष देत नाही. फुकट म्हणजे कमअस्सल, हे तिला आपल्या सगळ्यांच्या वागण्याने शिकवलं आहे. अधिकारी, नगरसेवक, शिक्षक आणि आम्ही लिहिणारे, आपली मुलं त्या वर्गात बसवतो का?

दिवाळी येईल, गुजरातेतल्या शाळांना सुट्टी लागेल. ऊसतोडीच्या टोळ्या नंदुरबार-धुळ्याकडून बारडोलीच्या बाजूला उतरू लागतील, पोरंबाळं बरोबर घेऊन. सुरतेच्या गाड्याही भरून येतील. सुट्टी संपून शाळा उघडेल त्या सकाळी वर्गाच्या दाराशी दोन-तीन नवी मुलं उभी असतील, दाखल्याशिवाय. त्यांच्यासाठी बाईंच्या कपाटात पुस्तकांचे जादा संच असायला हवेत, आणि बाईंच्या हातात तेवढा वेळ.