पिवळीचा मान

बस्त्याच्या दिवशी दुकानाच्या पांढऱ्या गादीवर शालूंचा ढीग पडतो. मोरपंखी दाखवा, राणी कलर दाखवा, पदर भरलेला हवा, यात दोन-तीन तास सहज जातात. मानपानाच्या साड्या होतात, आहेराची यादी पुरी होते आणि उठता उठता कुणाला तरी आठवतं, "अगं बाई, पिवळी राहिलीच!" मग हाताला लागेल ती पिवळी साडी पिशवीत पडते.

या घाईचं मला वाईट वाटतं. कारण महाराष्ट्रातल्या अनेक घरांत लग्नातली सगळ्यात हळवी वेळ याच साडीच्या वाट्याला येते. मामाकडून आलेली ही अष्टपुत्री हळदीच्या रंगाची असते, बहुधा तांबड्या किंवा हिरव्या काठाची. ती नेसून, मुंडावळ्या बांधून, हिरवा चुडा भरलेल्या हातांनी मुलगी गौरीहरापाशी अन्नपूर्णेवर चिमूट चिमूट तांदूळ वाहत बसते. बाहेर मांडवात गर्दी आणि गडबड असते, आत ती आणि तिची देवी. मग मामा येतो आणि तिला हाताला धरून अंतरपाटापाशी नेतो. घराघराची रीत थोडी वेगळी असेल, पण झगमगत्या शालूची पाळी बहुतेक ठिकाणी यानंतरच येते.

नवरीच्या अंगावरच्या प्रत्येक वस्तूमागे कुणीतरी उभं असतं. पिवळी आजोळची, शालू सासरचा, नथ आईची नाहीतर आजीची. ही माणसं ध्यानात ठेवून केलेली निवड मला खरी वाटते. फोटोत कसं दिसेल, एवढ्यावरच निवड झाली की साडी महाग होते आणि माणसं मागे पडतात.

कपडा विधीलाही साजायला हवा. नवरीला पाटावर मांडी घालून बसायचं असतं, होमापाशी लाह्या वाहायच्या असतात, सप्तपदी चालायची असते. खांद्याला ओढ लागेल इतकं जड भरतकाम अंगावर असलं, तर मन मंत्रांत कसं लागणार? आगीजवळ सिंथेटिक कापड धोक्याचं. सुती किंवा रेशमीच बरं. आपली नऊवारी तर बसा-उठायला मोकळी, काष्ट्यामुळे पायात न येणारी.

पैठणी घ्यायची असेल, तर पदर उलटून बघावा. येवल्या-पैठणचा विणकर हातमागावर निरनिराळ्या रंगांचे आडवे धागे उभ्या ताण्यात हातानं गुंतवत मोर, मुनिया, आसावली उमटवतो. म्हणून अस्सल पैठणीची नक्षी मागूनही तितकीच स्वच्छ दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. भरगच्च पदराला महिनोन्महिने लागतात. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी यंत्रमागावरची नक्कल तिच्याच नावानं सर्रास विकली जाते. ऐपत असेल तर त्या हातांचं मोल आनंदानं द्यावं. नसेल तर साधी इरकल किंवा नारायणपेठही नवरीला शोभते. एका दिवसाच्या थाटासाठी बापानं कर्ज काढावं, असं कुठल्याही शास्त्रात सांगितलेलं नाही.

म्हणून यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे, त्यांनी बस्त्याची सुरुवात पिवळीपासून करावी. त्या दिवशी मामाला आवर्जून बोलवावं. पोत मुलीनं हातानं चाचपून बघावा, काठ तिनंच पसंत करावा. आणि ती साडी अशी घ्यावी, की पहिल्या श्रावणात मंगळागौर पुजायला तिला दुसरी शोधावी लागू नये.