दोन चुली

भांडण ऐकायला मला मनापासून आवडतं. करायला नव्हे, त्याला छाती लागते आणि ती आमच्या घराण्यात दादाच्या वाट्याला गेली. म्हणूनच परवा रविवारी भाचा तोंड पाडून आला आणि "मामा, आमच्या प्रकल्पात दोन तट पडलेत" म्हणाला, तेव्हा मी वर्तमानपत्राची घडी करून ठेवली.

भाचा संगणकवाला. दिवसा पगारासाठी प्रोग्रॅम लिहितो आणि रात्री फुकट. या फुकटच्या कारभाराला 'ओपन सोर्स' म्हणतात. म्हणजे प्रोग्रॅम कोणीही उघडून पाहावा, दुरुस्त करावा, वाटल्यास सगळाच्या सगळा उचलून न्यावा.

"मग भांडता कशावरून?"

"पैशावरून असतं तर तासाभरात मिटलं असतं, मामा. तत्त्वाचा प्रश्न आहे."

तत्त्वाचा म्हटल्यावर मी चहा टाकायला सांगितला.

मग त्याने डेबियनची गोष्ट सांगितली. १९९३ साली इयन मरडॉक नावाच्या तरुणाने मैत्रीण डेब्रा आणि आपण, अशा दोन नावांचा समास करून हा प्रकल्प काढला. जगभरचे स्वयंसेवक त्यात राबले. वीस वर्षांनी वाद पेटला. कशावरून? तर यंत्र चालू केल्यावर सर्वांत आधी उठून बाकीच्यांना उठवायचं काम कोणत्या प्रोग्रॅमने करायचं! उमेदवार बरेच होते, पण खरी धास्ती होती 'सिस्टमडी' नावाच्या नव्या सुनेची. एक पक्ष म्हणे, सून हुशार आहे, कामं भराभर उरकते. दुसरा म्हणे, आज उठवायला ठेवाल, उद्या कोठीच्या किल्ल्या तिच्याच कमरेला दिसतील. फेब्रुवारी २०१४मध्ये तांत्रिक समिती निम्मी-निम्मी फुटली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सून घरात आली. त्याच नोव्हेंबरात नाराजांपैकी काहींनी 'डेव्हुअन' नावाची वेगळी चूल मांडली.

"आणि भांडीकुंडी कोणाकडे गेली?" मी विचारलं.

"दोघांकडे! सगळं जसंच्या तसं. फक्त नाव नेता येत नाही."

मी थक्क झालो. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळी सोडून गेले आणि गंधर्व मंडळी निघाली. पण नाटकाचा पडदा काही एकाच वेळी दोन गावांत टांगता येत नाही. इथे पडदाही दोन, पेटीही दोन!

"म्हणून विचारतो मामा, मी जाऊ की राहू? गेलो तर कोणाचं काही कमी होत नाही."

प्रश्न सोपा वाटला, पण घशात अडकला. कारण आम्ही भावांनी हेच केलं होतं. आई गेल्यावर दादा आणि मी वेगळे झालो. भांडण? सकाळी बंब कोणी पेटवायचा! (सगळ्यात आधी कोणी उठायचं, हा प्रश्न संगणकाच्या आधीपासूनचा आहे.) आईची मसाल्याची वही दादाकडे राहिली. आमच्या हिने दोन दुपारी बसून ती उतरवून घेतली, दगडफुलाच्या चिमटीसकट. कोणाचं काही कमी झालं नाही. तरी गोडा मसाला दोन्ही घरी फसला. कारण आईच्या पश्चात भाजायच्या वहिनी आणि कुटायची ही. वहीची नक्कल झाली. हातांची वाटणी झाली.

"कमी होतं रे," मी म्हणालो. "प्रोग्रॅम दोन होतात, रात्री जागणारी माणसं दोन होत नाहीत."

"मग जाऊच नये?"

तसंही नाही. दार बाहेरून बंद असलेल्या घरात राहणाऱ्याला एकनिष्ठ कसं म्हणायचं? जाता येतं आणि तरी राहतो, त्याच्या राहण्याला किंमत. आणि कोणीही उठून जाऊ शकतो म्हटल्यावर थोरल्यांनाही जरा ऐकून घ्यावं लागतं. दार उघडं असावं. मात्र चप्पल घालण्यापूर्वी स्वतःला विचारावं, मला वाट वेगळी दिसते आहे, की माझं ऐकलं नाही याचाच राग आहे?

भाचा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "गेलेले परतही येतात, मामा. जीसीसी नावाचा कंपायलर आहे. सुधारणा लवकर स्वीकारत नाहीत म्हणून १९९७ साली काही जण बाहेर पडले, त्यांनी 'ईजीसीएस' काढलं. त्यांचं काम इतकं चांगलं निघालं की १९९९मध्ये मूळ घराने त्यांनाच बोलावून किल्ल्या दिल्या. नावही दिलं."

तो चहा पिऊन गेला. जायचं की राहायचं, सांगितलं नाही. आणखी एकदा बोलून बघतो म्हणाला.

मी दादाला फोन लावला. "दादा, यंदा मसाला एकत्र करायचा का? वहिनी भाजतील, ही कुटेल."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग दादाचा तोच जुना आवाज :

"करू. पण सकाळी लवकर उठून शेगडी कोण पेटवणार?"