अनुकरणातून आलेली नीती

हिंदीतून मराठीत अनुवादाची सेवा करताना एक शब्द मला नेहमी अडवतो : नीती. आमच्या जबलपूरच्या हिंदीत ‘पर्यावरण नीति’ म्हणजे सरकारचे पर्यावरणविषयक धोरण. मराठीत नीती म्हणजे सदाचार. मी ‘धोरण’ असे लिहून पुढे जाते, पण प्रश्न मागे राहतो. गेल्या पन्नास वर्षांत देशोदेशींची पर्यावरण-धोरणे एकमेकांसारखी होत गेली आहेत. धोरण सारखे झाले म्हणजे नीतीही सारखी झाली का?

आपल्याकडचेच पाहा. १९८१ च्या वायुप्रदूषण कायद्याच्या प्रास्ताविकेत १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेचा उल्लेख आहे; त्या परिषदेला इंदिरा गांधी स्वतः गेल्या होत्या. प्रकल्पाआधी पर्यावरणावरील परिणाम तपासण्याची पद्धत अमेरिकेत १९७० मध्ये कायद्याने आली, आपल्याकडे १९९४ च्या अधिसूचनेने. गाड्यांच्या धुराचे ‘भारत स्टेज’ निकष युरोपच्या निकषांवर बेतलेले आहेत.

यामागची कारणे नेहमी उदात्त नसतात. निर्यात करणाऱ्याला परदेशी ग्राहकाचे नियम पाळावेच लागतात. कर्ज देणारी संस्था अटी घालते. सगळ्या देशांचे तज्ज्ञ तेच अहवाल वाचतात. शिवाय जगात आपणच मागासलेले दिसू नये, हेही असतेच. मी वाणिज्य शाखेत शिकते. तिथे हिशेबाची मानकेही अशीच जुळवून घेतली जातात, म्हणजे परदेशातल्या गुंतवणूकदाराला आपला ताळेबंद वाचता यावा.

साधकाला इथे शंका येणे साहजिक आहे. भीतीने, व्यापारासाठी किंवा दुसऱ्याचे पाहून केलेले चांगले काम खरोखर चांगले असते का? मला वाटते, आपण अनुकरणाला फार लवकर कमी लेखतो. श्रेष्ठ जसे वागतो तसेच लोक वागतात, असे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे, आणि ते तक्रारीच्या सुरात नव्हे. लहान मूल अर्थ कळण्याच्या आधी हात जोडायला शिकते. ओझोन थर वाचवण्याचा १९८७ चा माँट्रियल करार पुढे जगातल्या सर्व देशांनी स्वीकारला. फ्रिजमधला वायू बदलला तो कारखानदारांचे अंतःकरण शुद्ध झाले म्हणून नव्हे, पण ओझोनचा थर सावरू लागला आहे.

मात्र अनुकरण कुठे थांबते, हे मला नदीवरून कळले.

२० मार्च २०१७ रोजी न्यूझीलंडमध्ये व्हांगानुई नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा मिळाला. त्याच दिवशी उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला तसाच दर्जा दिला. मे महिन्यात मध्य प्रदेशच्या विधानसभेने नर्मदेला जिवंत मानण्याचा ठराव केला. दोन-तीन महिन्यांत इतके साम्य! पण व्हांगानुईच्या काठचे माओरी लोक नदीवरील आपल्या हक्कासाठी एकोणिसाव्या शतकापासून झगडत होते. नदीच्या वतीने बोलणाऱ्या दोघांपैकी एक जण त्यांनी सुचवलेला असतो. उत्तराखंडमध्ये पालकत्व मुख्य सचिवांसारख्या अधिकाऱ्यांकडे आले. राज्य सरकारच सर्वोच्च न्यायालयात गेले : पुरात कोणी दगावले तर नुकसानभरपाई पालकाने द्यायची का? जुलैमध्ये त्या निकालाला स्थगिती मिळाली. व्यक्तीचा दर्जा दोन्हीकडे आला, पण त्या व्यक्तीसाठी झीज सोसायला कोण तयार आहे, हे इथे ठरलेच नव्हते.

नर्मदेचा ठराव झाला तेव्हा मी आजीला बातमी वाचून दाखवली. आजी म्हणाली, “म्हणजे आजवर काय मेली होती का गं मैया?” मला हसू आले आणि अभिमानही वाटला. आपली परंपरा कायद्याच्या किती पुढे आहे! परिक्रमावासी नर्मदेला उजव्या हाताला ठेवून चालतात, तिला ओलांडत नाहीत. असे नाते कोणत्याही कायद्याला लिहिता येणार नाही.

पुढे एका अमावास्येला आम्ही ग्वारीघाटावर गेलो. आजीने डोळे मिटून नमस्कार केला आणि आठवडाभराचे निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट पाण्यात सोडले. पिशवी घरून मीच भरून आणली होती. मी काहीच बोलले नाही. एकदा वापरून फेकायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, अनेक देशांतही अशीच बंदी आहे, हे सगळे मला ठाऊक होते. ज्या नात्याचा मला अभिमान होता तेही माझ्यासमोर उभे होते. दोन्हींचा त्या घटकेला काही उपयोग झाला नाही. कायदा मला माहीत होता, म्हणजे तो मी पाळत होते असे नाही; आणि मैया म्हणणे ही माझी सवय होती. सरकारे एकमेकांचे ठराव घेतात तसाच तो शब्द मी आजीकडून घेतला होता, त्याच्यासोबतची जबाबदारी न घेता.

आता निर्माल्य मी कापडी पिशवीत साठवते आणि घरामागच्या मातीत पुरते. आजीला ते अजून पटलेले नाही. देवाचे फूल पायाखाली यायला नको, असे तिचे म्हणणे आहे, आणि ते मला खोडता येत नाही. म्हणून खड्डा कुंपणालगत, कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी केला आहे. मागच्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी तो पाहिला, कारण विचारले नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या देवघरातली फुले घेऊन आल्या.