सीझन आठ महिन्यांचा, मुदत तीन महिन्यांची

कामाच्या ठिकाणी बाईला त्रास झाला की पूर्वी सगळे प्रश्न तिलाच विचारले जात. एकटी का थांबलीस? आधी का बोलली नाहीस? हसून उत्तर का दिलेस? दंडसंहितेतही बहुतेक वेळा गुन्हा ठरे तो विनयभंगाचा, म्हणजे मोजमाप तिच्या लज्जेचे. तिच्या पगाराचे काय, उद्या त्याच जागी पुन्हा कामाला कशी जाणार, याला त्या चौकटीत जागाच नव्हती.

ती जागा झाली राजस्थानातल्या एका प्रकरणामुळे. भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन', म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या होत्या. बालविवाह रोखल्याच्या रागातून आपल्यावर सामूहिक बलात्कार झाला, अशी तक्रार त्यांनी १९९२ मध्ये केली. १९९५ मध्ये आरोपी त्या आरोपातून सुटले. पण महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या तेव्हा त्यांचा प्रश्न वेगळाच होता : ज्याने बाईला कामाला लावले, त्याच्यावर तिच्या सुरक्षिततेची काही जबाबदारी आहे की नाही? १३ ऑगस्ट १९९७ च्या विशाखा निकालाने सांगितले, आहे. कारण असा छळ समानतेच्या आणि रोजगाराच्या हक्कावरच घाला घालतो. त्या निकालातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. वागणे नकोसे होते का, हे जिला ते सोसावे लागले तिच्या बाजूने पाहायचे. 'मस्करीच तर केली' हा बचाव तिथेच लंगडा पडतो.

निकाल बराचसा कागदावरच राहिला. पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांना त्यासाठी पुन्हा न्यायालय गाठावे लागले. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा लागू झाला तो ९ डिसेंबर २०१३ रोजी.

त्याच्या महिनाभर आधी गोव्यातल्या एका पंचतारांकित हॉटेलात, एका नियतकालिकाच्या महोत्सवात, संपादकाने कनिष्ठ सहकारी महिलेवर अत्याचार केल्याची तक्रार झाली. म्हापशाच्या न्यायालयाने २०२१ मध्ये संपादकाला निर्दोष सोडले, सरकार अपिलात गेले. दोषाचा प्रश्न न्यायालयाचा. पण त्या निकालपत्रात तक्रारदार नंतर कशी वागली याची लांबलचक चर्चा आहे, आणि ती वाचताना जुने प्रश्न मागच्या दाराने आत आलेले दिसतात.

गोवा विद्यापीठातल्या प्रकरणाने उलट बाजू दाखवली. एका प्राध्यापकाविरुद्धच्या २००९ मधल्या छळाच्या तक्रारींची चौकशी विद्यापीठाच्या समितीने घाईघाईत उरकली. त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही, म्हणून मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. तक्रार केलेल्या विद्यार्थिनींची चौदा वर्षे त्यात गेली. समिती नेमणे सोपे असते. चौकशी करणे शिकावे लागते.

विद्यापीठाला निदान समिती तरी होती. गोव्यातल्याच मोरजीच्या किनाऱ्यावर ऑक्टोबरच्या सुमारास खाण्यापिण्याचे तात्पुरते शॅक उभे राहतात आणि पावसाआधी मोडले जातात. भांडी घासणारी, खोल्या झाडणारी, ऑर्डर घेणारी बाई तिथे पाच-सात जणांत एकटी असू शकते. दहाहून कमी माणसे असली तर तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीची सक्ती नाही. अशा बाईसाठी जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक समिती आहे, तालुक्याला नोडल अधिकारी आहे, त्याने तक्रार सात दिवसांत समितीकडे पोचवायची आहे. मालकाने तिला जपायचे तेही फक्त मॅनेजरपासून नव्हे, बिल देताना हात धरून ठेवणाऱ्या गिऱ्हाइकापासूनही. कायद्यात तसे स्पष्ट आहे. 'पर्यटनाचा धंदा आहे, थोडे चालवून घ्यावे लागते' हे शेटचे म्हणणे त्यात बसत नाही.

अडते ते वेळेपाशी. तक्रार तीन महिन्यांत करायची. नाताळात प्रकार घडला तर मार्चअखेर मुदत संपते, सीझन मात्र मेपर्यंत चालतो. मध्येच बोलले तर उरलेल्या महिन्यांची कमाई जाणार, हे तिला पक्के ठाऊक असते. समिती कारण नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते. पण ते समितीच्या मर्जीवर. हंगामी कामगाराच्या बाबतीत काम जाण्याची भीती हे पुरेसे कारण मानलेच पाहिजे, असे माझे मत आहे.

मोरजीला कासवे अंडी घालतात, म्हणून किनाऱ्यावरच्या दिव्यांवर आणि गाण्यांवर बंधने आहेत. शॅकवाल्यांना ती ठाऊक असतात, कारण ती मोडली तर धंद्यावर येते. छळाच्या शिक्षेचा फलक लावणे मालकावर आजही बंधनकारक आहे. पर्यटन खात्याने शॅकचा परवाना देताना त्या फलकावर पेडणे तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याचा फोन नंबर हवा, तोही कोकणी-मराठीबरोबर हिंदी, कन्नड आणि नेपाळीत, एवढी अट घातली तर नवा कायदा करावा लागणार नाही.